मगनवाडीचा हिशेबनीस

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला जुने नागपूरकर आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात पशुपक्ष्यांचे नमुने आहेत, खडक आणि खनिजे आहेत, शस्त्रे आहेत, आदिवासींच्या वापरातील वस्तू आहेत. लोकांनी दिलेले नाव अगदी नेमके आहे. संग्रहालय म्हणजे अजब गोष्टी पाहण्याची जागा, ही त्या काळातील सार्वत्रिक समजूत होती. युरोपातील मोठमोठ्या संग्रहालयांतही दूरदेशीच्या लोकांची भांडीकुंडी, विणलेली वस्त्रे, मुखवटे आणि त्यांच्या मुलुखातले प्राणी, शंखशिंपले एकाच छपराखाली मांडलेले असत. पाहणारा वेगळा आणि ज्याची वस्तू तो वेगळा, हा त्या मांडणीचा अलिखित नियम होता.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते एका संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथे अजब असे काहीच नव्हते. चरखे होते, खादी होती, खेड्यातल्या कारागिरांची अवजारे आणि त्यांच्या हातून घडलेल्या वस्तू होत्या. पाहणाऱ्याच्या घरी किंवा शेजारच्या आळीत जे असे, किंवा दोन पिढ्यांपूर्वी होते, तेच येथे मांडले होते. मगन संग्रहालयाची ही कल्पना ज्या संस्थेच्या अंगणात रुजली, त्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा सारा कारभार एका तमिळ ख्रिस्ती गृहस्थाच्या हाती होता. लंडनमध्ये शिकलेला तो हिशेब तपासनीस होता. त्याचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

वर्ध्याच्या इतिहासात गांधी, विनोबा आणि जमनालाल बजाज ही नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात. कुमारप्पांचे नाव त्यांच्यामागे झाकले गेले. आयुष्याची ऐन कर्तृत्वाची जवळजवळ दोन दशके मात्र त्यांनी याच जिल्ह्यात घालवली.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात अधिकारी, घर सुशिक्षित आणि सश्रद्ध. वळण पाश्चात्त्य, शिस्त कडक. तरुण वयात ते इंग्लंडला गेले, लंडनमध्ये हिशेब तपासनीसाची सनद मिळवली आणि मायदेशी परतून मुंबईत स्वतःची पेढी थाटली. कडक इस्त्रीचे विलायती कपडे, टापटीप कचेरी, बड्या कंपन्यांची कामे असा त्यांचा थाट होता. त्या काळातले त्यांचे आडनाव कॉर्नेलियस होते.

१९२७ साली ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाची पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास सुरू केला. प्रोफेसर सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून कर कसा गोळा करते आणि कशावर खर्च करते, हा प्रबंधाचा विषय ठरला. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात मुरलेल्या या माणसाने प्रथमच आपल्या देशाची खातेवही उघडली. जमेच्या बाजूला शेतकऱ्याचा घाम होता. खर्चाच्या बाजूला त्याच्यासाठी जवळजवळ काहीच नव्हते. एका शिस्तप्रिय लेखापालाच्या मनात बंड पेटले ते असे, आकड्यांच्या रकान्यांतून.

प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या निमित्ताने त्यांची गांधीजींशी गाठ पडली. मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गेले. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर सूत कातत बसलेला वृद्ध गृहस्थ म्हणजेच गांधी, हे त्यांना काही क्षणांनी उमगले, आणि विलायती पाटलोणीची इस्त्री मोडत तेही जमिनीवर बसले, असा प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. गांधीजींनी प्रबंध क्रमशः छापण्याचे मान्य केले आणि एक कामही सोपवले: खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी.

गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी तालुक्यातील गावे पिंजून काढली. कुटुंबाची जमीन किती, बैल किती, सावकाराचे देणे किती, घरात चालणारा धंदा कोणता, याची नोंद होऊ लागली. पुस्तकी अर्थशास्त्रात माणूस सरासरीच्या रूपाने भेटतो. मातरमध्ये तो नावागावासह भेटला. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे नाव मागे टाकून कुमारप्पा हे कुळातले जुने नाव धारण केले. विलायती पोशाख गेला, खादी आली. श्रद्धा मात्र ख्रिस्तीच राहिली. उलट येशूच्या शिकवणीचा अर्थ आपल्याला खेड्यात नव्याने कळला, अशी त्यांची भावना होती. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’चे काम सांभाळताना त्यांना तुरुंगवास घडला. १९३१ साली हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी काँग्रेसने समिती नेमली, तिचे निमंत्रकपदही त्यांच्याकडेच आले. साम्राज्याचे हिशेब तपासण्याचा मान एखाद्या सनदी लेखापालाला क्वचितच मिळत असेल.

त्यांच्या काटेकोरपणाची कसोटी लागली ती बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर. मदतनिधीचे हिशेब जमनालाल बजाज यांनी मोठ्या विश्वासाने त्यांच्यावर सोपवले. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणासाठी त्यांनी काही आण्यांची मर्यादा घातली आणि ती सर्वांना लागू केली. गांधीजी व त्यांचा परिवार पाटण्यास आला, तेव्हा या मंडळींचा खर्च निधीतून होणार नाही, असे त्यांनी विनासंकोच कळवले. निधी भूकंपग्रस्तांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नव्हे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. गांधीजींना राग आला नाही. असा माणूस कोठे बसवायचा, हे मात्र त्यांच्या मनात पक्के झाले असावे.

त्याच वर्षी काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाने ग्रामोद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव केला आणि डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, कुमारप्पा चिटणीस. सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, चंद्रशेखर व्यंकट रामन अशी नावे होती. खेड्यातला तेली आणि कुंभार यांच्या धंद्याला देशातल्या अव्वल वैज्ञानिकांची बुद्धी लाभावी, हा त्यामागचा हेतू. जागा जमनालालजींनी दिली. त्यांच्या संत्र्यांच्या बागेचे मगनवाडी असे नामकरण झाले.

हे नाव मगनलाल गांधींचे. नात्याने गांधीजींचे पुतणे. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स वसाहतीपासून ते गांधीजींसोबत होते; साबरमती आश्रमाचा गाडा त्यांनीच ओढला. कातणे, पिंजणे, विणणे या कामांचे शास्त्र त्यांनी स्वतःच्या हातांनी शिकून सिद्ध केले. एप्रिल १९२८ मध्ये पाटण्यास त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि गांधीजींना आपला उजवा हात गेल्यासारखे वाटले. मगनवाडी आणि मगन संग्रहालय ही या कारागीर-वैज्ञानिकाची स्मारके होत.

संस्थेसाठी वर्ध्याइतकी बोलकी जागा दुसरी नव्हती. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस एके काळी इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. तो नेण्यासाठी आगगाडी आली, पाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने आले, पुलगाव-हिंगणघाटला गिरण्या उभ्या राहिल्या. ज्या गावात कापूस पिकतो त्याच गावचा माणूस बाजारातून कापड विकत घेतो, हे दृश्य येथे रोजचे झाले. कुमारप्पांच्या लेखी ही खातेवहीतील मूलभूत चूक होती. कापसाची गठाण स्टेशनवरून निघते तेव्हा तिच्याबरोबर पिंजाऱ्याचे, कातणारणीचे, कोष्ट्याचे, रंगाऱ्याचे आणि सरकीबरोबर तेल्याचेही काम निघून जाते. परत येते ते फक्त ठाणावरचे बिल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख असे.

मगनवाडीत मग प्रयोगांना सुरुवात झाली. तेलघाणीची रचना सुधारली गेली आणि ‘वर्धा घाणी’ हे नाव पुढे देशभर गेले. टाकाऊ चिंध्या आणि गवतापासून हातकागद तयार होऊ लागला. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचे पोषणमूल्य आहारशास्त्राच्या आधारे मांडले गेले. गिरणीत घासून पांढराशुभ्र केलेला तांदूळ जीवनसत्त्व गमावतो, हे आज सर्वमान्य असलेले सत्य कुमारप्पा त्या वेळी कानीकपाळी ओरडून सांगत होते. ताडाच्या नीरेचा गूळ, मधमाशीपालन, साबण अशी शाखांची संख्या वाढत गेली. रॉकेलऐवजी वनस्पतीच्या अखाद्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा दिवाही येथलाच. गावच्या बांधावर कडुनिंब आणि करंज उभे असताना झोपडीतल्या दिव्याचे तेल सातासमुद्रापलीकडून का यावे, हा त्या लहानशा दिव्यामागचा मोठा प्रश्न होता.

संग्रहालयाची बीजे या कामातच होती. लखनौ आणि फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनांच्या वेळी, १९३६ साली, खादी व ग्रामोद्योगांची प्रदर्शने भरली. फैजपूर तर खानदेशातले खेडेच. तेथील प्रदर्शन पाहण्यास शेतकऱ्यांची रीघ लागली. पण अधिवेशन संपले की प्रदर्शनाचे मांडव उतरत. हे शिक्षण कायमचे उपलब्ध व्हावे, म्हणून मगन संग्रहालय. तेथे येणाऱ्याने घटकाभर करमणूक करून जाऊ नये, विद्यार्थ्याच्या वृत्तीने पाहावे, ही गांधीजींची अपेक्षा होती. कुमारप्पांच्या दृष्टीने प्रत्येक वस्तू हा एक ताळेबंद होता. तिचा कच्चा माल कोठून आला, तिला कोणाचा हात लागला, तिच्या किमतीतला किती भाग त्या हाताला मिळाला आणि ती झिजल्यावर मातीला काय परत गेले, एवढे प्रश्न मातीच्या मडक्यालाही विचारता येतात आणि विलायती चहाच्या कपालाही. कलाकुसरीचे कौतुक करणारी संग्रहालये जगात पुष्कळ आहेत; वस्तूचा हिशेब विचारायला शिकवणारी जागा विरळा.

मगनवाडीतच एका छोट्या कुटीत कुमारप्पा राहत. अविवाहित, मिताहारी, वेळेचे पक्के, जिभेने तिखट. धाकटे बंधू भारतन् हेही संघाच्या कामात त्यांच्या जोडीला होते. ‘ग्रामउद्योग पत्रिका’ हे मासिक ते चालवीत आणि त्यात सरकारी धोरणांची चिरफाड करीत. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणीचे काम त्यांच्याकडे आले. गावोगावचे मरू घातलेले धंदे त्यांनी पुन्हा एकदा वहीत नोंदवले.

याच काळात त्यांच्या आयुष्यातील मोठा मतभेद उघड झाला. १९३८ साली काँग्रेसने जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. कुमारप्पा तिचे सदस्य झाले आणि काही महिन्यांतच बाहेर पडले. समितीचे लक्ष मोठ्या कारखान्यांकडे होते, यांचे खेड्यातल्या हातांकडे. यंत्राला त्यांचा सरसकट विरोध होता, हा समज खरा नाही. घाणी सुधारणारा आणि दिव्याची रचना बदलणारा माणूस यंत्राचा शत्रू कसा असेल? यंत्राने माणसाच्या हातचे काम आणि निर्णय हिरावून घेऊ नये, एवढा त्यांचा आग्रह होता. परंतु स्वराज्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाला पोलादाची आणि विजेची स्वप्ने पडत होती. त्या गदारोळात घाणीचा करकर आवाज कोणाला ऐकू जाणार?

१९४२ च्या आंदोलनाने त्यांना पुन्हा तुरुंगात नेले. युद्धखर्चासाठी सरकार शेतकऱ्याकडून धान्य घेते आणि बदल्यात फुगवलेले कागदी चलन त्याच्या हाती ठेवते, हे त्यांनी परखडपणे लिहिले होते. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक येशूच्या शिकवणीवर, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर.

हे दुसरे पुस्तक वाचताना जाणवते की या अर्थशास्त्रज्ञाने आपले नमुने निसर्गातून गोळा केले होते. मेंढीचा जीव घेऊन जगणारा वाघ, आमराई लुटणारे माकड, आपल्या श्रमाने घरटे बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी मध साठवणारी मधमाशी आणि पिलांना परतफेडीची अपेक्षा न ठेवता भरवणारी पक्षीण, या पाच उदाहरणांवर त्यांनी माणसाच्या अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या बेतल्या. पहिली परोपजीवी, दुसरी लुटारू, तिसरी उद्यमाची, चौथी समूहाची, पाचवी सेवेची. समाजाची प्रगती त्याच्या उत्पन्नावरून न ठरवता तो यातल्या कोणत्या पायरीवर उभा आहे, यावरून ठरवावी, हे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे एक वर्गीकरणही त्यांनी केले. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे उपसले की संपतात. लाकूड, पीक, जनावरांची शक्ती हे प्रवाह जपले तर वाहत राहतात. साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था त्या साठ्यांसाठी लढाया करणारच, असे भाकीत त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वणव्यात केले. पर्यावरण हा शब्द राजकारणात येण्याला तेव्हा पाव शतकाहून अधिक अवकाश होता. पुढे १९७३ साली शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी कुमारप्पांचा आधार घेतला. हा विचार वर्ध्यात घडला होता, हे ते पुस्तक आवडीने वाचणाऱ्या आपल्याकडील किती जणांच्या ध्यानी आले असेल?

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. समितीचा अहवाल १९४९ साली प्रसिद्ध झाला. कसेल त्याची जमीन, मध्यस्थांचे उच्चाटन, धारणेवर मर्यादा अशा त्याच्या शिफारशी पुढच्या अनेक कायद्यांच्या मुळाशी आहेत. पण दिल्लीशी त्यांचे जमले नाही. एका बैठकीला ते टांग्यातून निघाले असता पहाऱ्यावरच्या शिपायाने टांगा त्या रस्त्याने जाऊ दिला नाही आणि कुमारप्पांनी त्यावरून थेट पंतप्रधानांना धारेवर धरले, अशी हकिकत सांगितली जाते. खेड्याच्या वाहनाला मनाई असलेल्या रस्त्याने खेड्याचे राज्य कसे येणार, असा तो सवाल होता. सहकाऱ्यांनाही त्यांचा हा करारीपणा जड जाई. ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि कुमारप्पांनी मगनवाडी सोडली.

पण वर्धा जिल्हा त्यांनी लगेच सोडला नाही. सेलडोह या गावी त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेतमळा. साठीच्या उंबरठ्यावरचा हा अर्थशास्त्रज्ञ आता मातीत उतरला. गावाला धान्य, डाळ, तेलबिया, कापूस, चारा किती लागतो याचा अंदाज बांधून त्या प्रमाणात जमीन वाटून पिके घ्यावीत, हा समतोल शेतीचा प्रयोग त्यांना करून पाहायचा होता. बाजार काय मागतो यापेक्षा गावाला काय लागते, तेथून पेरणीचा हिशेब सुरू व्हावा, ही त्यामागील कल्पना. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. उच्च रक्तदाबाने ते थकले आणि १९५३ नंतर मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. तेथे त्यांच्या खोलीत गांधीजींच्या तसबिरीबरोबर एका गरीब खेडुताचे चित्र होते. तो आपल्या गुरूचा गुरू आहे, असे ते भेटणाऱ्यांना सांगत. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले.

मगनवाडी आजही उभी आहे. तेथेच ग्रामोद्योगांच्या संशोधनासाठी सरकारी संस्था आली आणि पुढे तिचे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत रूपांतर झाले. मगन संग्रहालयात चरखे आहेत, अवजारे आहेत, मातीची भांडी आहेत; त्याच्या चालक संस्थेने सेंद्रिय कापसाच्या आणि नैसर्गिक रंगांच्या खादीचे कामही चालवले आहे. म्हणजे दालनातल्या काही वस्तूंचे भाऊबंद अजून बाहेर जिवंत आहेत. पण काळाने एक विचित्र उलथापालथ केली. १९३८ मध्ये जे घरोघरचे होते ते आज शहरातून सहलीस आलेल्या मुलांना अजब वाटते. तेलघाणी, जाते, तकली ही नावे त्यांना समजावून सांगावी लागतात. कुमारप्पांनी ज्या वृत्तीच्या विरुद्ध हे संग्रहालय कल्पिले, तीच आता दारातून आत येते.

गेल्या तीन दशकांत विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याचे नाव वृत्तपत्रांत आले ते बहुधा कर्जाच्या आणि आत्महत्येच्या बातमीत. बियाणे विकत, खत विकत, औषध विकत, आणि पिकलेल्या कापसाचा भाव दुसऱ्याच्या हाती. मातर तालुक्यात १९२९ साली नोंदवहीत मांडलेले प्रश्न या शेताच्या बांधावर उभे राहून आजही जसेच्या तसे विचारता येतात. त्यांची उत्तरे कुमारप्पांच्या पुस्तकात तयार मिळतील असे नव्हे. घाणी आणि चरखा यांवर आजचा संसार चालणार नाही, असे म्हणणाऱ्याचेही ऐकावे लागेल. पण हाती आलेल्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचे श्रम आहेत आणि त्याच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची सवय जुनी होण्याचे कारण नाही. शहरात भरभरून वस्तू विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती अधिकच लागू पडते. वर्ध्याला जाणारे बहुतेक जण सेवाग्राम आणि पवनार पाहून परततात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून मगनवाडीत शिरावे. तेथल्या वस्तू अजूनही हिशेब मागत उभ्या आहेत.